कुणाचं कर्म, कुणाची साखर

प्रारब्ध मी मानते, हे आधीच सांगून टाकते. घरात तीन पिढ्यांची वारी, आणि माझी सगळी नोकरी आयुर्वेद महाविद्यालयात चरकसंहिता शिकवण्यात गेलेली. शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पूर्वदेहातल्या कर्माला ‘दैव’ म्हटलं आहे आणि रोगाच्या कारणांत त्याला जागा दिली आहे. ते मी मुलांना बिनदिक्कत शिकवलं. एका माणसाच्या एका दुखण्याला हे उत्तर लावलं तर चालून जातं. गल्लीच्या गल्लीला लावायला गेलं की मात्र अडतं.

सध्या मी महिन्यातून एकदा पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात साखर आणि बीपी तपासायला बसते. उतारावरच्या वस्तीतून बायका येतात, खालच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांतून आजी-आजोबा येतात. रांग एकच. बोटाला सुई टोचून आकडा आला की दोन्हीकडचे लोक हटकून म्हणतात, “भोग आहेत, दुसरं काय!” फरक एवढाच, की सोसायटीतले काका हे स्वतःबद्दल हसत म्हणतात, आणि वस्तीतल्या बाईबद्दल बोलताना त्यांचा चेहरा गंभीर होतो.

साखर म्हणजे खात्यापित्या घरचा रोग, असं आमच्या लहानपणी सगळेच धरून चालायचे. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे 2023 साली जे आकडे आले, त्यांत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के निघालं, म्हणजे दहा कोटींच्या वर माणसं. गोव्यात ते 26.4 टक्के. पण मला जास्त बोचला तो त्याच पाहणीचा 2017 सालचा एक निष्कर्ष. चंदीगड, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र, इथल्या शहरांत मधुमेह श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त सापडला. खेड्यांत अजून उलट आहे. आता हे प्रारब्धाच्या हिशेबात कसं बसवायचं? एका पिढीत शहरातल्या तेवढ्या गरिबांचं पूर्वसंचित बिघडलं आणि गावाकडे राहिलेल्या त्यांच्या चुलतभावाचं शाबूत राहिलं?

आणि हा काही फक्त उपासमारीचा प्रश्न नाही. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे 18,000 पुरुषांचा अभ्यास 1967 पासून झाला, मायकेल मार्मट यांच्या नावाने तो ओळखला जातो. सगळे पगारदार, सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट. तरी शिपाई-हरकाम्यांच्या पायरीवरचे लोक वरिष्ठ साहेबांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात मेले. मधल्या पायऱ्यांवरचे मधल्या प्रमाणात. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरून पाहिलं, तरी फरक पुरता सुटला नाही. चित्रगुप्त माणूस पाहून नोंद करतो की पगाराची श्रेणी पाहून?

यावर शिकलेल्या मंडळींकडे दुसरं उत्तर तयार असतं. पूर्वजन्म वगैरे सोडा, हा जीवनशैलीचा आजार आहे. खाल्लं, चालले नाहीत, आता भोगा. मला हे प्रवचनापेक्षा वेगळं वाटत नाही. हिशेब तोच, खातेदार तोच एकटा माणूस, फक्त मागचा जन्म काढून तिथे मागची दिवाळी घातली.

माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी आहेत. वजन जेमतेम पंचेचाळीस किलो. दिवस उजाडायच्या आत नळावर नंबर लावतात, मग चार घरची धुणीभांडी. चार घरी चार कप चहा, भरपूर साखरेचा, कारण तोच नाश्ता. सकाळची गोळी जेवणाआधी घ्यायची. जेवण दुपारी तीनला. गोळी घेऊन निघाल्या आणि एका बेसिनपाशी घाम फुटून मटकन खाली बसल्या, तेव्हापासून कामाच्या दिवशी गोळी घेत नाहीत. वारंवार लघवीला लागते, वस्तीतला संडास लांब आणि रात्री जायची भीती, म्हणून पाणीच कमी पितात. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतो. ज्वारी विकत आणावी लागते, म्हणून भाकरी सणासुदीला. “रोज चाळीस मिनिटं चाला” असं त्यांना एका दवाखान्यात छापील कागदावर लिहून दिलंय. ती घडी त्या पिशवीत जपून ठेवतात. उतारावरून रोज किती पायऱ्या चढउतार होते, ते कागद देणाऱ्याने विचारलं नव्हतं.

मावशींसारखा बारीक मधुमेही आमच्या ग्रंथांना ठाऊक आहे. चरकाने प्रमेहाचे रोगी दोन सांगितले, एक स्थूल आणि बळकट, दुसरा कृश आणि दुबळा. दुसऱ्याला पोसायला सांगितलं आहे, उपाशी ठेवायला नाही. सुश्रुत तर एका प्रकाराला सहज म्हणतो, आईबापांच्या बीजदोषातून आलेला. याच्या जवळपास जाणारी गोष्ट पुण्यातच पुढे आली. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली मुलं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढे साखरेचा धोका इथूनच सुरू होतो. शेतात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं आणखी लहान भरली. म्हणजे पूर्वजन्म शोधायला लांब जायला नको, नऊ महिने मागे गेलं तरी पुरे. पण त्या नऊ महिन्यांतलं कर्म कुणाचं? बाळाचं नाही. आईचं म्हणावं, तर तिच्या डोक्यावरचा भारा तिने हौसेने घेतला नव्हता.

इथे मला चरकसंहितेतल्याच विमानस्थानाचा तिसरा अध्याय आठवतो. वर्गात तो मी फार रंगवून शिकवायची. पांचाल देशाची राजधानी काम्पिल्य, उन्हाळ्याचा शेवटचा महिना, गंगेकाठच्या रानात पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर फिरताहेत. ते म्हणतात, वनस्पतींचा रस जायच्या आत त्या गोळा करा, मोठी रोगराई येते आहे. शिष्य अग्निवेश विचारतो, माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग सगळे एकाच वेळी एकाच रोगाने कसे मरतील? साथींचा अभ्यास करणारा आजचा माणूसही इथूनच सुरुवात करेल. आत्रेय उत्तर देतात, हवा, पाणी, भूमी आणि काळ हे सगळ्यांना सामाईक असतात, ते बिघडतात. ते का बिघडतात? तर अधर्माने. आणि पहिला अधर्म कुणाचा, तर देश, नगर, जनपद चालवणाऱ्या प्रमुखांचा; त्यांच्यापासून तो खाली झिरपतो. पुढे आणखी मजा आहे. कृतयुग सरताना काही सधन माणसांनी गरजेपेक्षा जास्त घेतलं, त्याने अंग जड झालं, मग थकवा, मग आळस, आळसातून साठवण, साठवणीतून हाव. मग धर्माचा एकेक पाय निखळला आणि आयुष्य सगळ्यांचं घटलं. फक्त ज्यांनी जास्त घेतलं त्यांचं नव्हे.

तो अध्याय साथीच्या रोगांचा आहे, साखरेचा नाही, हे कबूल. पण साखर ज्या गतीने पसरली आहे ते बघता अग्निवेशाचा प्रश्न तिलाही लागू पडतो. कर्म मानायचंच असेल, तर खातं एकेकाचं नसून गावाचं असतं, हे माझ्याच परंपरेत लिहिलेलं आहे.

यावर आमच्या देवळातल्या बुवांचा आक्षेप असा, की वस्तीत जन्माला येणं हेच मुळात पूर्वकर्माचं फळ. हा आक्षेप जुना आहे, आणि छांदोग्यासारख्या उपनिषदाचाही त्याला आधार आहे, म्हणून तो झटकता येत नाही. पण त्याला उत्तरही जुनंच आहे. गौतम बुद्धांनी मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाला सांगितलं होतं, की वेदना पित्ताने, कफाने, वाताने, ऋतू पालटल्याने, आघातानेही होते; पूर्वकर्म हे त्यातलं एकच कारण, आणि सगळं त्याच्यावर ढकलणारे डोळ्यांना दिसतं त्याच्याही पलीकडे जातात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्याहून कडक शब्द वापरले: पूर्वकर्माचा सिद्धांत गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने टाळावी एवढ्याच कामाचा आहे. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे वाचताना लागलं. पण बुवांचं बोलणं ऐकलं की पटतं. आणि चरकापुरतं सांगायचं, तर दैव दुबळं असेल तिथे पुरुषार्थ त्याच्यावर मात करतो, हेही तो विमानस्थानाच्या त्याच अध्यायात सांगतो. कुणाचा पुरुषार्थ, ते मात्र आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

तरीही मावशी “भोग” म्हणतात तेव्हा मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्या शब्दाच्या आधाराने त्या उठून कामाला लागतात; तो काढून घेऊन त्यांच्या हातात आकडेवारी देणं मला जमायचं नाही. स्वतःच्या दुखण्याला माणसाने काय म्हणावं हा त्याचा अधिकार. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच्या दुखण्याला भोग म्हणणाऱ्यांविषयी.

मागच्या शिबिरात सोसायटीतल्या एका वहिनींना मी विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्या मावशींची साखर किती असते, माहीत आहे का? त्या जरा चिडल्याच. “अहो, पण गोळ्या तरी तिनेच वेळेवर घ्यायला हव्यात ना?”

हव्यातच, म्हटलं. जेवणाच्या अर्धा तास आधी. आणि ती जेवणार कधी, ते तुमच्याकडची भांडी किती वाजता संपतात त्यावर आहे.