लेकराच्या मनगटातील कवडी

सर्व स्तुती अल्लाहसाठी, आणि दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.



आज एका अगदी लहान वस्तूविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. ती मुठीत मावते, तरीही ईमानाची परीक्षा घेते. ती वस्तू म्हणजे कवडी. आमचे खर्डा गाव समुद्रापासून किती दूर! तरीही कवडी आमच्या घरांत आहे. पाळण्याच्या दोरीला आहे, म्हशीच्या गळ्यात आहे, नव्या गाडीच्या आरशाला आहे, आणि तान्ह्या लेकराच्या मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेली आहे.

कवडी म्हणजे उष्ण समुद्रात राहणाऱ्या एका गोगलगायीचे कवच. हा जीव आपल्या अंगाची मऊ झालर कवचावर पांघरतो आणि तीच झालर कवचाला थरावर थर चढवते. म्हणून कवडीची चकाकी कोणा कारागिराने घासून आणलेली नसते. ती निर्माणकर्त्याची कारीगरी आहे. चौदाव्या शतकात मालदीव बेटांवर काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूता यांनी हा व्यवहार प्रत्यक्ष पाहिला. लोक हे जीव समुद्रातून गोळा करीत, किनाऱ्यावरील खड्ड्यांत टाकीत; मांस नाहीसे होई आणि पांढरे कवच उरे. तेथे चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार मिळे. आपल्या देशातही कवडी हे नाणेच होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आरंभीच हिशेब दिला आहे: वीस कवड्यांची एक काकिणी आणि चार काकिणींचा एक पण.

पुढे हे चलन गेले आणि कवडी केवळ भाषेत उरली. शेतमालाचे भाव कोसळले की आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. हात रिकामा असला की ‘फुटकी कवडीही नाही’ म्हणतो. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्या वस्तूला आपल्या जिभेवर काही किंमत नाही, तिच्याच हवाली आपण आपली सर्वांत मौल्यवान ठेव, आपले लेकरू, करतो!

आपल्या प्रेषितांनी (स.) या कवडीचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. ‘मुसनद अहमद’मध्ये हजरत उक्बा बिन आमिर (र.) यांची हदीस आहे. तिचा आशय असा की, जो गंडा लटकवील त्याचे इच्छित अल्लाह पूर्ण न करो, आणि जो कवडी लटकवील त्याला अल्लाह स्वस्थता न देवो. अरबीत कवडीला ‘वदआ’ म्हणतात, आणि ज्या मुळापासून हा शब्द येतो त्यातच ‘निवांतपणा’ हाही अर्थ आहे. निवांतपणासाठी जी बांधावी, तिनेच निवांतपणा हिरावून न्यावा, असा हा इशारा आहे. याच सहाबींच्या दुसऱ्या कथनात दहा जण बैअतसाठी आल्याचे येते. प्रेषितांनी (स.) नऊ जणांची बैअत घेतली आणि एकाची थांबवली, कारण त्याच्या अंगावर गंडा होता. त्याने हात घालून तो तोडला, तेव्हा त्याचीही बैअत घेतली. त्याला हाकलून दिले नाही, हेही ध्यानात घ्या. अडसर दूर होताच दार उघडले.

आता स्वतःचे सांगतो. माझ्या मुलीच्या मनगटात माझ्याच आईने कवडी बांधली होती. मिंबरवरून तौहीद सांगणारा मी घरात मात्र गप्प होतो. अम्मीचे मन दुखवू नये, असे मी स्वतःला समजावीत होतो. खरे तर मला संकोच वाटत होता. एके रात्री मुलीला ताप भरला. अम्मी धावत आल्या आणि त्यांचा हात प्रथम त्या कवडीच्या गाठीकडे गेला, ती सुटली तर नाही ना, हे पाहण्यासाठी. तो क्षण मला सहन झाला नाही. आधी आम्ही मुलीला दवाखान्यात नेले. ताप उतरल्यावर मी अम्मींना वरील हदीस सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बेटा, तुझ्या हातालाही मी बांधली होती. मग तुला कोणी राखलं?” मी म्हणालो, “अम्मी, अल्लाहनं राखलं. तुम्ही रात्र रात्र दुआ करीत होता, ती त्यानं ऐकली.” अम्मींनी स्वतःच्या हाताने तो दोरा सोडला. माझे मौन हा त्यांच्या अजाणतेपेक्षा मोठा दोष होता.

आपल्या गावातील भुईकोट किल्ला पाहा. 1795 च्या लढाईत निजामाच्या फौजेने याच तटाचा आसरा घेतला. तरीही तह करावाच लागला. दगडी तट जेथे पुरला नाही, तेथे गोगलगायीचे कवच काय पुरणार? ज्या जिवाचे ते कवच होते, त्यालाही ते वाचवू शकले नाही.

नजर लागते, हे प्रेषितांनी (स.) नाकारलेले नाही. मात्र तिच्यावरील उपायही त्यांनीच शिकवला आहे. हजरत हसन व हुसैन (र.) यांच्यासाठी ते शब्दांनी अल्लाहचा आश्रय मागत, आणि हजरत इब्राहीम (अलै.) हेही इस्माईल व इसहाक (अलै.) यांच्यासाठी असेच करीत, असे सांगत. झोपताना सूरह इख्लास, फलक व नास पढून हातांवर फुंकर घालावी आणि ते अंगावरून फिरवावेत, ही त्यांची सुन्नत. आजारात इलाज करावा, हीही त्यांचीच आज्ञा. म्हणून लस वेळेवर द्या, ताप अंगावर काढू नका, आणि दुआ सोडू नका.

दोन गोष्टी सांभाळा. आपल्या शेजारी देवीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. ती त्यांची श्रद्धा आहे. तिची टवाळी करण्यास कुरआनने आपल्याला मनाई केली आहे. हा प्रश्न आपण आपल्याच घराला विचारावयाचा आहे. दुसरे, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा दोरा हिसकावून तोडू नका. त्यांनी तो प्रेमापोटी बांधला आहे. त्यांच्याजवळ बसा, हदीस सांगा आणि त्यांच्याच हाताने तो सुटू द्या.

हे अल्लाह, आमची लेकरे तुझ्याच हवाली आहेत. आमच्या अंतःकरणाचा भरवसा केवळ तुझ्यावर राहू दे, आणि जे आम्ही इतरांना सांगतो ते आधी आमच्या घरात आचरण्याचे धैर्य आम्हाला दे. आमीन.