तुला सवय नाही

"दादा, गाडी ऐकत नाही," पन्हाळ्याचा घाट उतरून आल्यावर बहीण म्हणाली. तिचे हात अजून थरथरत होते. एका वळणावर तिनं स्टिअरिंग फिरवलं, चाकं उशिरा वळली आणि गाडी कठड्याला घासता घासता वाचली. मी अगदी शांतपणे म्हणालो, "तुला सवय नाही तिची."

हे वाक्य मला बाबांकडून मिळालं, गाडीसोबत. १९८४ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. स्टिअरिंगला तीन बोटं प्ले होता, म्हणजे व्हील तेवढं फिरेपर्यंत चाकांना पत्ताच नसायचा. बाबा आधीपासूनच थोडं जास्त फिरवायचे. त्यांचं बघून मीही तसंच शिकलो. काही वर्षांनी तो दोष आहे हेच आम्ही विसरलो.

बाबा गेल्यावर गाडी विकायचं ठरलं. घ्यायला येणारा मुलगा माझ्यापेक्षा लहान. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, तेव्हापासून त्याला या गाडीचं वेड लागलेलं. रविवारी तो चक्कर मारून बघणार होता. एका मित्रानं सुचवलं, "स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून घे. दहा मिनिटांत प्ले गायब."

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना मी तेच सांगितलं. "आवळू की. पण आधी उघडून तर बघू," ते म्हणाले.

बॉक्स बाहेर काढण्यात अर्धा दिवस गेला. गाडी जॅकवर घेतली, चाकं सरळ केली, व्हील काढलं. पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवरच असतो, त्यामुळे त्याचे रॉडही सोडवावे लागले. खालचा ड्रॉप आर्म खाचांच्या दांड्यावर घट्ट रुतलेला. मिस्त्रींनी आधी छिन्नीनं दोन्हींवर खूण केली, मग पुलर लावला. बसवताना एक खाच जरी चुकली, तरी चाकं सरळ असताना व्हील तिरकं राहतं.

मग त्यांनी वर्म माझ्या हातात दिला. वर्म म्हणजे जाड स्क्रूसारखा आट्यांचा तुकडा. व्हीलबरोबर तो फिरतो आणि त्याच्या आट्यांत बसलेला दाता ड्रॉप आर्म हलवतो. मधले आटे झिजून गेलेले, टोकांचे जवळपास नवे. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून घासणं सगळं मध्यावर. मधल्या झिजेच्या हिशेबानं स्क्रू आवळला असता, तर सरळ रस्त्यावर गाडी झकास वाटली असती आणि पूर्ण वळणावर स्टिअरिंग जाम झालं असतं.

"सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या शान्या असत्यात, पोरा," मिस्त्री म्हणाले.

रविवारची चक्कर सरळ रस्त्यावरच होणार होती. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

जो दोष मला जाणवतच नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर कशी? अरिस्टॉटलच्या मते सद्गुण सवयीनं येतात. पण तोच हेही सांगतो की वाद्य वाजवता वाजवताच चांगले वादक घडतात आणि वाईटही. माझ्या हातांना जे कौशल्य वाटत होतं, ते खरं तर झिजलेल्या वर्मला सांभाळून घेणं होतं. दोष तिथंच होता. मी सरावलो होतो एवढंच. त्याचा धोका जो नवखा होता त्याच्या वाट्याला आला, आणि वर त्यालाच मी अडाणी ठरवलं.

हे गाडीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. घरात नव्या आलेल्या सुनेला, ऑफिसात नव्या लागलेल्या मुलीला आपण हेच सांगतो ना? "ते तसेच आहेत, होईल सवय." प्ले जाणवतो तो फक्त नव्या हातांना, आणि नेमकं त्यांचंच कुणी ऐकत नाही.

मात्र सगळाच प्ले काढायचा नसतो, हेही मिस्त्रींनीच शिकवलं. किंचित सैलपणा नसेल तर स्टिअरिंग अडकतं. माणसांनाही थोडं सांभाळून घ्यावं लागतंच. मग कुठवर चालवून घ्यायचं? मी आता एवढंच विचारतो: सांभाळून घेण्याची किंमत कोण मोजतंय? मीच मोजत असेन तर ठीक. दुसरं कुणी, तेही न सांगता, मोजत असेल तर बॉक्स उघडायला हवा.

रविवार पुढे ढकलला. भंगारात गेलेल्या एका पद्मिनीचा चांगला वर्म आणि दाता मिळाला, बुश लेथवर करून घेतले, नव्वद नंबरचं ऑइल भरलं. आम्ही पुन्हा पन्हाळ्याला गेलो. पहिल्याच वळणावर मी नेहमीसारखं जास्त फिरवलं आणि गाडी झपकन आत गेली. बहिणीनं मला उतरवलं, स्वतः बसली आणि घाट आरामात उतरली.

"तुला सवय नाही, दादा," ती म्हणाली.

त्या मुलाला गाडी देताना जुना वर्मही दिला आणि मधले आटे बोटानं चाचपून बघायला लावले.