घेणाऱ्याचा चेहरा

रमजान आला की आपल्या मोहल्ल्यांतून रेशनच्या पिशव्या वाटल्या जातात. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर. मागे मंडळाचे बॅनर. एका पिशवीला पाच-सहा जणांचे हात लागलेले असतात आणि ते सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. घेणारी बाई मात्र ओढणी पुढे ओढून खाली पाहत असते.

यावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक रियाची, म्हणजे दिखाव्याची. देणाऱ्याची नियत साफ आहे का, त्याला सवाब मिळेल का? उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशा दानाची थोरवी हदीसमध्ये आहे. पण सूरह अल-बकराच्या २७१व्या आयतीत उघड दानालाही चांगलेच म्हटले आहे. गरिबाला गुपचूप देणे अधिक चांगले, एवढेच. शिवाय सहीह मुस्लिममधला तो प्रसंग आहे. मुदर कबिल्याची माणसे मदीनेत आली, अंगावर धड कपडे नव्हते. त्यांची दशा पाहून प्रेषितांचा (स.) चेहरा बदलला. नमाजनंतर त्यांनी लोकांना आवाहन केले. एका अन्सारीने हाताला पेलवेना अशी जड थैली आणली आणि मग रीघ लागली. धान्याचे आणि कपड्यांचे दोन ढीग झाले. चांगला पायंडा पाडणाऱ्याला मागून येणाऱ्यांच्या पुण्याचाही वाटा मिळतो, असे प्रेषितांनी सांगितले ते याच वेळी. प्रसिद्धीचे समर्थक हा दाखला देतात, आणि तो चुकीचा नाही.

पण तिथे लोकांनी पाहिली ती देणाऱ्याची थैली. ती माणसे आपली गरज घेऊन स्वतः आली होती. दात्याच्या नावासाठी त्यांना कोणी रांगेत उभे केले नव्हते. हेतूचा वाद आपण फार घोळवतो. हेतू अल्लाह जाणतो, त्याचा हिशेब देणारा देईल. फोटोतल्या तिसऱ्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याच सूरेची २६४वी आयत रियाचा उल्लेख करते, पण त्याआधी येते ते उपकार बोलून दाखवणे आणि घेणाऱ्याला दुखावणे. फोटो हे काम कोणी तोंड न उघडता करतो, आणि मोबाइलवर वर्षानुवर्षे करत राहतो.

शाळेत वह्यावाटप होते तेव्हा हे मला जवळून दिसते. सातवीतली एक मुलगी त्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, वह्या हव्यात, पण फोटो नको. मोहल्ल्याच्या ग्रुपवर येतो." दात्या संस्थेच्या यादीत तिच्यापुढे 'गैरहजर' लागले आणि तिच्या वाट्याच्या वह्या परत गेल्या.

संस्थांची अडचण खोटी नाही. कुवेत-सौदीहून जकात पाठवणाऱ्या आपल्या कोकणी भावाला पैसे कुठे गेले हे कळायला हवे. तो त्याचा हक्कच आहे. जकात गोळा करायला गेलेल्या माणसाने मिळालेल्या भेटी स्वतःकडे ठेवल्या, तेव्हा प्रेषितांनी मिंबरवरून त्याचा जाहीर समाचार घेतला होता. म्हणून किती आले, किती घरांना गेले, किती उरले, हे मशिदीच्या फलकावर लावावे. ज्या पोरांनी पोती वाहिली त्यांचे फोटो खुशाल छापावेत. त्यांना हुरूप येईल. (पदाधिकाऱ्यांनी पोती उचलली असतील तर त्यांचेही!)

आणि प्रसिद्धीची गरज आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्तच पडते, हेही खरे. २०२० साली कोरोनाचे खापर आपल्या डोक्यावर फुटत होते. त्याच रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिमांनी ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले, देशभर बातम्या आल्या. ती बातमी होणे आवश्यकच होते. त्यात खाटा होत्या, रक्कम होती, गावाचे नाव होते. खाटेवर कोण झोपणार हे सांगायची गरज कोणाला पडली नाही.

"आम्ही विचारूनच फोटो काढतो," असे एक कार्यकर्ते मला म्हणाले. विचारत असतीलही. पण पिशवी हातात येण्याआधी विचारतात, आणि मागे रांग उभी असते.