विश्वास आणि सावधपण

समोरच्यावर संशय घेणे हे पाप नव्हे काय, असे पुष्कळ साधीभोळी माणसे विचारतात. आम्हांस वाटते, घोटाळा ह्या प्रश्नातच आहे. माणसाला मान देणे निराळे आणि त्याचा प्रत्येक शब्द खरा मानणे निराळे. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. म्हणून कुणी घराची किल्ली वाटेवरच्या माणसाच्या हाती देतो काय?

आज ती किल्ली म्हणजे ओटीपी आणि पिन. ‘पैसे येणार आहेत, पिन टाका’ असे कुणी म्हणाले, तर ती लबाडी समजावी. यूपीआयवर पैसे घेण्यास पिन लागतच नाही. ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली’ असे कुणी दरडावले, तर तशी अटक कायद्यात नाहीच. एक लोभ दाखवतो, दुसरा भय. ठक शिरतो तो ह्याच दोन दारांनी. ओळखसुद्धा चोरीस जाते. आधारची प्रत देणे भागच पडले, तर शक्यतो शेवटचे ४ आकडेच दिसणारी झाकलेली प्रत द्यावी.

आणि बापहो, फसलेल्याला हसू नये. लाजेने तो गप्प बसला की चोराचेच फावते. त्याच घटकेला त्याला १९३० ह्या क्रमांकावर फोन लावून द्यावा. आम्ही तर ह्यालाच शेजारधर्म म्हणतो.