मानेवरचा काळेपणा

दर रविवारी मी मुलीची मान घासत असे. डाळीचं पीठ, हळद, दही आणि वरून लिंबाची फोड. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. वेणी वर धरली की मानेमागे मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसायचा. मळ समजून मी घासत राहिले. कातडी लाल व्हायची, पट्टा तसाच. दीड वर्षाने तापासाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. "हा मळ नाही. रक्तात इन्सुलिन फार वाढलं की कातडी अशी होते," ते म्हणाले. तिचं शरीर मला काही सांगत होतं आणि मी तेच पुसून काढायला बघत होते.

त्या दीड वर्षात तिच्या वजनावर बोलले नाही असा दिवस गेला नसेल. 'दुसरी पोळी कशाला?' 'या ड्रेसमध्ये आणखीच सुटलेली दिसतेस.' हे काळजीपोटी बोलते असं मला वाटे. पण ती काळजी तिच्या साखरेची नव्हती, चारचौघांच्या नजरेची होती. साखरेची असती तर मी मान डॉक्टरांना दाखवली असती, पीठ कालवलं नसतं.

बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या की आपण 'बाळसं धरलं' म्हणतो, दृष्ट काढतो. तेच मूल चौदाव्या वर्षी पंगतीत बसलं की आत्या, काकू, शेजारीण सगळ्या त्याच्या ताटात बघतात. आणि त्याला वाटतं, चूक आपलीच.

शरीराची ठेवण मात्र फार आधीपासून घडत आलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. तरीही आपल्या बाळांनी स्नायूंपेक्षा चरबी जास्त राखलेली. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या ९.१. म्हणजे काटा अर्धीच गोष्ट सांगतो, आणि त्या अर्ध्या गोष्टीवरून आपण पोरीला रोज फैलावर घेतो.

मग बोलायचंच नाही का, मधुमेह होऊ द्यायचा का? हा प्रश्न मलाही पडला होता. तपासण्या करायच्याच. मानेवर काळेपणा दिसला, पाळी वारंवार चुकू लागली, तर दिवस घालवू नयेत. पण टोमणा म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पालकांना सांगितलं ते असं: मुलांच्या वजनाची चर्चा करू नका, त्यांना डाएटच्या मागे लावू नका, एकत्र जेवा. वजनावरून सतत बोलणी खाणारी मुलं लपून खातात, उपाशी राहतात, मग एकदम खातात. हे मला वाचावं लागलं नाही. तिच्या कपाटात, स्वेटरखाली, बिस्किटांचे रिकामे पुडे मला सापडले होते.

आमच्या घरात धाकटा काटकुळा. त्याच्यासाठी फरसाणाचा डबा उघडा असायचा आणि ताई आली की त्यावर झाकण बसायचं. तो डबाच आता घरात नाही. कोणासाठीच नाही. जेवण साडेआठला, चौघांचं एकत्र. त्यासाठी संध्याकाळचा एक क्लास सोडला, आणि त्यावरून नवऱ्याशी माझं भांडण झालं. दहावी म्हणून तिची कबड्डी आम्हीच बंद केली होती. क्लास सुटायचा नऊला, जेवण दहाला, झोप एकला. धावायची जागा आपण काढून घेतली आणि अंग वाढलं म्हणून तिलाच बोललो, हे मला अजून सलतं.

माझी आजी म्हणे, ताटावर बसलेल्याला बोलू नये. गेल्या महिन्यात एका लग्नात मावशींनी जिलबीवरून सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "मावशी, ती जेवतेय." मावशी गप्प झाल्या. मुलीने मान वर केली नाही. ती आता सतरा वर्षांची आहे. घरी अजूनही ती माझ्यासमोर दुसरी पोळी घेत नाही. मी ओट्याकडे वळले की घेते.