हात केव्हा मागे घ्यायचा

चि. सोनूस,


बौद्धिक अक्षम प्रौढांच्या निवासी कार्यशाळेत मदतनीस म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. ‘पोरीला पुण्याचं काम मिळालं,’ म्हणाली. तिचं कौतुक मनापासूनचं आहे, पण पुण्याचा हिशोब तू पहिल्याच दिवशी डोक्यातून काढून टाक. पुण्य करायला आलेल्याला समोरच्यानं आपलं ऋणी असावं असं नकळत वाटत राहतं. मग पहाटे ओली चादर बदलताना तसं काही दिसलं नाही की तो चिडतो. अशी भली माणसं काम सोडून जाताना मी पाहिली आहेत. ज्यांना समोरच्या माणसाविषयी कुतूहल होतं, ती टिकली.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कुणी अडखळलं की तू धावतेस. तिथे हा गुण जरा आवरून वापरावा लागेल. नाश्त्याच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात. शर्टाची बटणं लावायला एखाद्याला दहा मिनिटं लागतात, तुला अर्धं मिनिट. आपण लावून टाकतो. उद्याही, परवाही. आणि वर्षभरानं आपणच नोंदवहीत लिहितो, ‘कपडे घालण्यात पूर्ण परावलंबी.’ त्यातलं कितीतरी परावलंबन आपल्या घाईनं घडवलेलं असतं. मला तुला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच: प्रेमानं असो की घाईनं, त्यांचं काम त्यांच्या हातून काढून घेऊ नकोस.

शिकवताना कामाचे तुकडे पाड आणि शेवटून सुरुवात कर. पँट घालण्याचंच घे. पाय घालणं, गुडघ्यापर्यंत आणणं, मांडीपर्यंत ओढणं, हे सगळं आधी तू कर. कमरेशी ओढून घेणं तेवढं त्याचं. काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याला मिळतो. ते जमलं की मांडीपासून पुढचं त्याचं, मग गुडघ्यापासून. तुझी मदतही अशीच पायरीपायरीनं कमी होऊ दे. आधी त्याच्या हातावर तुझा हात, मग मनगटाला आधार, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोटानं दाखवणं, मग फक्त शेजारी उभं राहणं. सूचना एकदा दे आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोज. ती शांतता आपल्याला सोसत नाही म्हणून आपण तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा देतो. पहिली अजून उलगडत असलेल्या माणसाला मग दुसरी नव्यानं उलगडावी लागते.

‘हल्ली फार त्रास देतो’ हे वाक्य तुझ्या कानावर सतत येईल. तू विचार, हल्ली म्हणजे कधीपासून? ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचा दुखरा कान, किडलेली दाढ, चार दिवसांचा बद्धकोष्ठ हे सगळं वागण्यातूनच बाहेर पडतं. डोकं भिंतीवर आपटणाऱ्याला शिस्त लावण्याआधी त्याचा कान आणि तोंड तपासून घ्यायचं. डाऊन सिंड्रोम असलेली बाई एकाएकी सुस्तावली, हट्टी झाली, तर थायरॉइडची तपासणी करून घे, ऐकू येतं का ते बघ. या लोकांना थायरॉइडचा आणि ऐकण्याचा त्रास बऱ्याचदा असतो, आणि विसराळूपणाचा आजारही इतरांपेक्षा खूप लवकर, चाळिशी-पन्नाशीत गाठू शकतो. म्हणून नोंदवहीत ‘आज चिडला’ एवढंच लिहून वही मिटू नकोस. त्याआधी काय झालं होतं, काय खाल्लं, पोट साफ होतं का, झोप किती, हेही लिही. डॉक्टरांकडे गेल्यावर त्याच्या वतीनं बोलायला ती वहीच असते.

फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, दातांत चमचा तर मुळीच नको. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकव, कुशीवर वळव, घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. सेरेब्रल पाल्सी असलेल्याला भरवताना त्याला सरळ बसव, स्वतः त्याच्यासमोर बस, हनुवटी किंचित खाली राहू दे. आडवं ठेवून कधीही भरवायचं नाही. हे तुला प्रशिक्षणात सांगतीलच.

प्रशिक्षणात कमी सांगतात ते शरीराच्या मानाविषयी. आंघोळीला पडदा ओढलेला हवा, दारावर टकटक हवी, हात लावण्याआधी ‘आता पाठ घासते हं’ एवढं सांगणं हवं. ज्याच्या अंगाला आयुष्यभर कुणीही न विचारता हात लावला, त्याला वाईट स्पर्शाला ‘नाही’ म्हणायला आपण कुठल्या तोंडानं शिकवणार? तो तुला ‘नाही’ म्हणाला तर तेही ऐकून घे. त्या नकाराचा सराव त्याला तुझ्यापाशीच करता येतो.

1994 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात काय घडलं, हे तुझ्या वयाच्या मुलींना ठाऊक नसतं. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींची आणि बायकांची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण दिलं गेलं की त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्यात कुणी क्रूर राक्षस नव्हते गं. मुलींचं भलं करतोय अशीच त्यांची समजूत होती. आणि पॅड लावायला शिकवणं हे पँट घालायला शिकवण्यासारखंच काम आहे: तुकडे पाडायचे, शेवटून सुरुवात करायची, पॅडवर खूण करून ठेवायची, दर महिन्याला तेच धीरानं करायचं. त्याला माणूस लागतो, वेळ लागतो. तो वेळ द्यायला माणसं नेमण्याऐवजी अवयव काढले गेले. 2009 साली चंडीगढच्या एका संस्थेतल्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तिच्या संमतीवाचून गर्भपात करायला नकार दिला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करायला मनाई केली. पण कायदा न्हाणीघरात येत नाही. तिथे तू असशील.

आईवडिलांशी वागताना जीभ जपून वापर. सत्तरीतली आई येईल, चाळिशीच्या मुलाला घास भरवेल, आणि तुझी महिन्याची मेहनत एका दुपारी मोडेल. तिला टोकू नकोस. तिनं चाळीस वर्षं एकटीनं केलं आहे. ‘आमच्यामागे याचं काय?’ हा प्रश्न उशाशी घेऊन ती झोपते. तिला चहा दे, मग तो स्वतः कसा खातो ते दाखव. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ती सोय आहे. गरज असेल त्यांना तिथवर पोहोचव. पण पालक नेमला म्हणजे माणसाचं मत संपलं असं कुणालाही वाटू देऊ नकोस. आज कुठला शर्ट, चहा की दूध, पणत्या रंगवायच्या की कागदी पिशव्या चिकटवायच्या, सुट्टीत घरी जायचं की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. बोलता येत नसेल त्याच्यासमोर दोन वस्तू धर आणि नजर कुठे जाते ते बघ.

आता तुझ्याविषयी. नेमणूकपत्र लेखी घे. भविष्यनिर्वाह निधी, आठवड्याची सुट्टी, रात्रपाळीनंतरची विश्रांती, सगळं विचारून घे आणि विचारताना लाजू नकोस. सेवाभावाच्या नावाखाली या कामाचा पगार फार वर्षं दाबला गेला आहे, आणि त्याची झळ शेवटी तिथे राहणाऱ्यांनाच बसते. ओळखीची मदतनीस सोडून जाते, नव्या बाईला कुणाच्या खाणाखुणा कळत नाहीत, मग पुन्हा ‘हल्ली फार त्रास देतो’ सुरू होतं. कंबर सांभाळ, एकटीनं कुणाला उचलू नकोस, दोघी मिळून उचला. कुणावर हात उगारावासा वाटला तर त्या क्षणी खोलीबाहेर पड आणि सहकारी बाईला आत पाठव. तशी सोय आधीच बोलून ठेव.

तिथे राहणाऱ्यांचे फोटो स्टेटसला टाकू नकोस. आपला फोटो कोण बघणार हे ठरवणंही त्यांचंच आहे.

राखीपौर्णिमेच्या आधी कार्यशाळेत राख्यांची घाई असेल, तेव्हा सुट्टी मागू नकोस. पोळ्याला ये. येताना तुमच्याकडच्या उटण्याची पाकिटं किती रुपयांना विकता ते विचारून ये, आमच्या मंडळाची दिवाळीची मागणी आतापासूनच नोंदवायची आहे.

तुझी,
मावशी