ओकिनावा : सेतूचे राज्य

क्युशूच्या दक्षिणेस, थेट तैवानच्या उंबरठ्यापर्यंत, जी बेटांची लांबच लांब रांग वळण घेत गेली आहे, तिला र्‍युक्यू म्हणतात आणि तिच्यातील सर्वांत मोठे बेट ते ओकिनावा. या रांगेचे पश्चिम टोक असलेले योनागुनी तैवानपासून अवघ्या ११० किलोमीटरांवर आहे. ओकिनावाची राजधानी नाहा मात्र योनागुनीला याच्या चौपटीहून दूर पडते. कुरोशिओ हा उष्ण सागरप्रवाह किनाऱ्यांवर प्रवाळ पोसतो, आणि उन्हाळा सरता सरता येणारी तुफाने इतकी नेमाची, की प्रवाळी दगडांचे गडगे, फुकुगी वृक्षांची दाट कुंपणे आणि चुन्याने जखडलेली तांबडी कौले ही जुन्या घराची अंगेच होऊन बसली. भूमीचे स्थान बदलत नाही. परंतु त्या स्थानाचा अर्थ कोणी ठरवावा, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तेथील माणसांचे सुखदुःख किती अवलंबून असते, हे या बेटांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

१४२९ साली शो हाशी याने तीन छोटी राज्ये एकवटून शुरी येथे गादी स्थापिली, तेव्हा त्या राज्यापाशी ना विस्तीर्ण शेती होती ना मोठे सैन्य. तथापि चीनच्या मिंग दरबारास नजराणा पाठवून त्याबदल्यात व्यापाराची मुभा मिळवावी, चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी घेऊन सयाम, मलाक्का व जावा गाठावे, आणि तेथील मिरी जपान-कोरियाच्या बंदरांत उतरवावी, या उद्योगावर ते संपन्न झाले. १४५८ साली ओतलेल्या शुरीच्या घंटेवर, आपली जहाजे म्हणजे राष्ट्राराष्ट्रांमधील सेतू होत, असा आशय कोरलेला आहे. आवामोरी हे तेथील मद्य आजही प्रामुख्याने थायलंडच्या लांब दाण्याच्या तांदळापासून गाळले जाते.

१६०९ साली क्युशूतील सात्सुमाच्या सरदारांनी स्वारी केली. राजा गादीवर राहिला, पण खंडणी सुरू झाली. उत्तरेची आमामी बेटे तोडून घेतली गेली, आणि पुढे तेथील साखरेचा मक्ता सात्सुमाने आपल्याकडे घेतला. दक्षिणेस मियाको व याएयामा बेटांतील रयतेवर डोईपट्टी बसली: पुरुषांनी धान्य भरावे, स्त्रियांनी कापड विणून द्यावे. १८७९ साली जपानने राज्यच खालसा करून शो ताई राजास टोकियोला नेले, तरी ही पट्टी १९०३ पर्यंत चाललीच.

जे स्थान एकेकाळी सेतू होते, त्याचा १९४५ साली किल्ला करण्यात आला. वसंतापासून जूनअखेरपर्यंत चाललेल्या जपान-अमेरिका लढाईत दोन लाखांहून अधिक माणसे मेली. ओकिनावाच्या रहिवाशांपैकी सुमारे चौथाई त्यांत होते. १९७२ पर्यंत अमेरिकेचा अंमल राहिला, आणि आजही जपानच्या अवघ्या ०.६ टक्के भूमीवर, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरात असलेल्या तळांच्या क्षेत्रफळापैकी सुमारे सत्तर टक्के क्षेत्र दाटले आहे. पर्यटन वाढले, ऊस टिकून आहे, मोआई नावाची भिशी शेजाऱ्यांची गरज भागविते. तरीही दरडोई उत्पन्नात हा प्रांत जपानमध्ये तळाशीच राहत आला. सुरक्षितता सर्व देशाची आणि तिचा भार मात्र एका बेटावर, हा न्याय मला मान्य करता येत नाही.

असा निर्णय तेथील माणसांच्याच हाती असावा असे वाटते, म्हणूनच ओकिनावाच्या ओगिमी तालुक्यातील किजोका गावचे बाशोफु हे कापड मला महत्त्वाचे वाटते. तंतूसाठी लावलेली केळ तिसऱ्या वर्षाच्या सुमारास तोडतात, खोडाचे पदर सोलून राखेच्या पाण्यात उकळतात, बांबूच्या चिमट्याने गर खरवडून काढतात, आणि मग हाती आलेले तंतू एकेक गाठ मारून जोडीत बसतात. एका किमोनोला सुमारे दोनशे झाडे लागतात. युद्धानंतर मलेरियाच्या डासांच्या भीतीने अमेरिकी सैन्याने ही केळ तोडून टाकली होती. अशा वेळी मुख्य जपानातील कुराशिकीहून परतलेल्या ताइरा तोशिको यांनी गावातील, युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांना सोबत घेऊन ही कला पुन्हा उभी केली. २००० साली जपानने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरविले. ज्या बेटांच्या रांगेत एकेकाळी स्त्रियांच्या मागावरचे कापड पट्टी म्हणून वसूल केले जाई, त्याच रांगेत काय विणावे आणि कोणासाठी विणावे, हे विणणारीने ठरविले. बेटाचे स्थान सेतूसाठी की किल्ल्यासाठी, हेही अखेर तेथे राहणाऱ्यांनीच ठरवावयाचे आहे.